प्रकाश न विझवता प्रकाशाचे मोजमाप

कोल्हापूरच्या अंबाबाईच्या मंदिरात वर्षातून दोनदा किरणोत्सव होतो. 31 जानेवारी, 1 व 2 फेब्रुवारी आणि 9, 10 व 11 नोव्हेंबर या दिवसांत मावळतीचे सूर्यकिरण महाद्वाराच्या दिशेने गाभाऱ्यापर्यंत येतात. पहिल्या दिवशी ते देवीच्या चरणांना स्पर्श करतात, दुसऱ्या दिवशी आणखी वर चढतात आणि तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत पोहोचतात, अशी परंपरा आहे. प्रत्यक्षात दरवर्षी तसे घडतेच असे नाही. कधी ढग आडवे येतात, कधी हवेतील धूळ आणि धुके, तर कधी किरणांच्या मार्गात उभी राहिलेली बांधकामे. त्यामुळे किरणोत्सवाच्या काळात प्रकाशाची तीव्रता लक्स या एककात मोजण्याचे कामही केले जाते.

या मोजमापात एक साधी गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. मापकाच्या पृष्ठभागावर पडलेला प्रकाश मापकातच संपतो. तो पुढे मूर्तीपर्यंत जात नाही. सूर्यप्रकाश इतका विपुल असतो की एवढ्याशा तुकड्याची उणीव कोणालाही जाणवत नाही. पण प्रकाश अगदी थोडा असेल, एखाददुसऱ्या कणाइतकाच असेल, तर काय करायचे? मोजले तर तो नाहीसा होतो आणि न मोजले तर तो आला होता हेही कळत नाही. प्रकाश मोजावा आणि तरीही तो शिल्लक राहावा, अशी काही युक्ती आहे काय? या प्रश्नाने भौतिकशास्त्रज्ञांना गेली पाच दशके गुंतवून ठेवले आहे. त्याचे एक उत्तर अतिशय थंड केलेल्या, सापळ्यात पकडून ठेवलेल्या अणूंनी दिले आहे.

पावसाचे थेंब आणि प्रकाशाचे कण

प्रकाश हा अखंड प्रवाह वाटत असला तरी तो सुट्या कणांच्या रूपाने ऊर्जा देतो. या कणांना फोटॉन म्हणतात. एक मिलिवॉट शक्तीच्या साध्या लाल लेसर किरणातून दर सेकंदाला जवळपास 3 वर 15 शून्ये इतके फोटॉन बाहेर पडतात. कॅमेरा, सौरघट किंवा डोळ्यातील पडदा हे सारे फोटॉन गिळून काम करतात. फोटॉनची ऊर्जा शोषली जाते, तिच्यापासून विद्युत किंवा रासायनिक संदेश तयार होतो आणि मूळ फोटॉन उरत नाही.

दुसरी अडचण फोटॉनांच्या अनियमित येण्याची आहे. जून-जुलैत कोल्हापुरात पत्र्याच्या छपरावर पडणारा पाऊस दुरून एकसारखा घुमत असल्याचा भास होतो. पण रिमझिम असताना छपराखाली बसले तर थेंबांचा सुटा, वेडावाकडा ताल ऐकू येतो. साध्या लेसरमधील फोटॉनही असेच येतात. एका ठरावीक कालावधीत सरासरी 10,000 फोटॉन अपेक्षित असतील तर प्रत्यक्ष संख्या साधारण 100 ने मागेपुढे होते, म्हणजे एक टक्क्याची चूक. सरासरी 100 फोटॉन असतील तर हा चढउतार 10 चा, म्हणजे दहा टक्क्यांचा असतो. प्रकाश जितका क्षीण, तितकी ही चूक प्रमाणाने मोठी. उपकरण कितीही उत्तम असले तरी हा गोंगाट राहतोच, कारण तो उपकरणाचा दोष नसून प्रकाशाच्या पुंजस्वरूपाचा परिणाम आहे.

अनिश्चिततेचे देणे

पुंजयांत्रिकीतील अनिश्चिततेचे तत्त्व सांगते की काही राशींच्या जोड्या एकाच वेळी हव्या तितक्या अचूकपणे ठाऊक असू शकत नाहीत. प्रकाशाच्या बाबतीत अशी एक जोडी म्हणजे तीव्रता आणि कला. तीव्रता म्हणजे स्थूलमानाने फोटॉनांची संख्या. कला म्हणजे लहरीचा शिखर-दरीचा क्रम कोणत्या क्षणी कोठे आहे याची नोंद. एकीची माहिती जितकी नेमकी मिळवावी, तितकी दुसरी विस्कटते.

मात्र हे तत्त्व एक पळवाटही मोकळी ठेवते. मोजमापामुळे काहीतरी विस्कटणारच असेल, तर जी राशी मोजायची आहे ती न विस्कटता तिची जोडीदार राशी विस्कटली तर चालेल काय? 1970 च्या दशकात मॉस्को येथील व्लादिमिर ब्रागिन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा विचार पद्धतशीरपणे मांडला. तीव्रता मोजायची तर अडथळ्याचा सारा भार कलेवर टाकावा आणि तीव्रता जशीच्या तशी पुढे जाऊ द्यावी. अशा मोजमापाला अविध्वंसक पुंजमापन म्हणता येईल. त्याचे लक्षण असे की तेच मोजमाप पुन्हा केले तर तेच उत्तर मिळते. ब्रागिन्स्की यांना हा विचार सुचला तो प्रकाशासाठी नव्हे, तर गुरुत्वीय लहरी टिपण्याच्या खटपटीतून. या गोष्टीचा संबंध पुढे थेट मराठवाड्याशी येतो.

काकवीत रुतलेले अणू

प्रकाशाला न गिळता त्याची चाहूल घ्यायची, तर मध्ये एखादा साक्षीदार हवा. अणू हा असा साक्षीदार होऊ शकतो. प्रत्येक मूलद्रव्याच्या अणूला विशिष्ट वारंवारतेचाच प्रकाश विशेष जाणवतो. त्या वारंवारतेच्या अगदी जवळ, पण नेमका तिच्यावर नाही, असा किरण सोडला तर अणू तो सहसा गिळत नाही, तरीही त्याच्या ऊर्जापातळ्या किंचित सरकतात. हे सरकणे किरणाच्या तीव्रतेवर अवलंबून असते.

अडचण अशी, की सामान्य तापमानाला अणू स्वस्थ बसत नाहीत. खोलीच्या तापमानाला रुबिडियमचे अणू सेकंदाला सुमारे 300 मीटर वेगाने धावत असतात. जवळ येणाऱ्या रेल्वेची शिट्टी चढी आणि दूर जाणाऱ्या रेल्वेची उतरती ऐकू येते, त्याचप्रमाणे धावणाऱ्या प्रत्येक अणूला एकाच किरणाची वारंवारता वेगवेगळी भासते. रुबिडियमच्या अणूची स्वाभाविक प्रतिसादाची रुंदी सुमारे 6 मेगाहर्ट्‌झ असते. उष्ण वाफेत ती या परिणामामुळे काहीशे मेगाहर्ट्‌झपर्यंत पसरते. हजार साक्षीदारांनी हजार वेगवेगळ्या जबान्या द्याव्यात, तशी ही अवस्था होते.

यावर उपाय म्हणजे अणूंना थंड करणे, आणि तेही प्रकाशाच्याच साहाय्याने. अणूच्या आवडत्या वारंवारतेपेक्षा किंचित कमी वारंवारतेचे लेसर किरण समोरासमोरच्या तीन जोड्यांनी, म्हणजे सहा दिशांनी सोडले जातात. अणू ज्या दिशेने धावतो त्या दिशेने समोरून येणारा किरण त्याला आवडत्या वारंवारतेच्या जवळ आल्यासारखा वाटतो. म्हणून तो त्याच किरणातील फोटॉन अधिक प्रमाणात घेतो आणि प्रत्येक वेळी उलट दिशेचा धक्का खातो. रुबिडियमच्या अणूचा वेग एका धक्क्याने सेकंदाला जेमतेम 6 मिलिमीटरने घटतो. पण असे सुमारे 50,000 धक्के काही सहस्रांश सेकंदांत बसतात आणि अणू जवळजवळ थांबतो.

1985 मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत स्टीव्हन चू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही किमया प्रथम साधली. अणू ज्या प्रकाशात रुततात त्याला त्यांनी जे नाव दिले त्याचे मराठी रूप करायचे तर 'प्रकाशीय काकवी' असेच करावे लागेल. गुऱ्हाळांच्या कोल्हापूर जिल्ह्यात या नावाचा अर्थ कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही. काकवीत पडलेली मुंगी कोणत्याही दिशेने निघाली तरी तिची चाल मंदावते, तसेच येथे घडते. 1987 मध्ये याला चुंबकीय क्षेत्राची जोड देण्यात आली. त्यामुळे मंदावलेले अणू मध्यभागी ओढले जाऊ लागले आणि खराखुरा सापळा तयार झाला. निर्वात पात्राच्या मध्यभागी अणूंचा इवलासा, चमकणारा ढग तरंगत राहतो. त्याचे तापमान निरपेक्ष शून्याच्या वर एका अंशाच्या दहा-हजाराव्या भागाच्या आसपास असते आणि अणूंचा वेग सेकंदाला दहा-वीस सेंटिमीटर इतका उतरलेला असतो. या संशोधनासाठी चू यांच्यासह क्लोद कोहेन-तानुजी आणि विल्यम फिलिप्स यांना 1997 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

न गिळणारा साक्षीदार

त्याच वर्षी फ्रान्समधील ओर्से येथून एक महत्त्वाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. फिलिप ग्रांजिए, जाँ-फ्रान्स्वा रॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सापळ्यातील थंड रुबिडियम अणूंचा ढग दोन आरशांच्या मध्ये ठेवला आणि त्यातून दोन किरण सोडले. पहिला किरण म्हणजे ज्याची तीव्रता मोजायची तो 'संदेश'. दुसरा म्हणजे 'मापक'. संदेशाच्या तीव्रतेतील बारीकसारीक चढउतारांनी अणूंच्या ऊर्जापातळ्या सरकतात. पातळ्या सरकल्या की मापक किरणाला अणूंचा ढग थोडा अधिक दाट किंवा थोडा विरळ भासतो आणि त्याची कला बदलते. मापकाची कला तपासली की संदेशात किती प्रकाश होता हे उमगते. संदेश मात्र शोषला न जाता पुढे निघून गेलेला असतो.

येथे देणे चुकते झाले ते कलेच्या खात्यावर. मापक किरणातही फोटॉनांचा अनियमित चढउतार असतोच. तो अणूंमार्फत संदेशापर्यंत पोहोचतो आणि संदेशाची कला विस्कटतो. तीव्रतेला मात्र तो फारसा धक्का लावत नाही. निसर्गाचा नियम मोडला जात नाही. नियमाने आकारलेला दंड जेथे परवडतो तेथे भरला जातो, इतकेच.

थंड अणूंचा लाभ येथे स्पष्ट होतो. सारे अणू जवळपास स्थिर असल्याने सर्वांची साक्ष एकसारखी येते. त्यामुळे किरणाची वारंवारता अणूंच्या आवडत्या वारंवारतेच्या पुष्कळ जवळ नेता येते. परिणाम मोठा मिळतो, तरीही फोटॉन गिळले जाण्याचे प्रमाण मर्यादित राहते.

एक अणू, एक फोटॉन

पुढची पायरी एकेका फोटॉनची होती. पॅरिसमध्ये सर्ज हारोश यांच्या गटाने 2007 मध्ये सूक्ष्मलहरींचा एक फोटॉन अतिसंवाहक आरशांच्या पोकळीत कोंडला. आरशांमधील अंतर अवघे 2.7 सेंटिमीटर. फोटॉन त्यात सरासरी 0.13 सेकंद टिकून राही. एवढ्या वेळात तो शंभर कोटींहून अधिक वेळा आरशांवर आपटे आणि पृथ्वीच्या परिघाइतका, सुमारे 40,000 किलोमीटरचा प्रवास करी. पोकळीतून एकामागून एक अणू पाठवून त्यांनी त्याच फोटॉनची पुन्हा पुन्हा विचारपूस केली. प्रत्येक अणू 'फोटॉन आहे' असे सांगत राहिला, आणि एका क्षणी सारे अणू 'नाही' म्हणू लागले. एका प्रकाशकणाचा जन्म आणि अंत अशा रीतीने प्रत्यक्ष पाहता आला. हारोश यांना 2012 चे नोबेल पारितोषिक डेव्हिड वाइनलँड यांच्यासोबत विभागून मिळाले. या प्रयोगातील अणू सापळ्यात नव्हते, ते पोकळी ओलांडून जात होते, हा फरक ध्यानात ठेवला पाहिजे.

प्रवासात असलेल्या प्रकाशाच्या फोटॉनला न गिळता हेरण्याचे काम 2013 मध्ये जर्मनीतील गार्चिंग येथे गेऱ्हार्ड रेम्पे यांच्या गटाने केले. त्यांनी दोन आरशांमध्ये रुबिडियमचा एकच अणू धरून ठेवला आणि त्याला दोन अवस्थांच्या मिश्रणात ठेवले. पहिल्या अवस्थेत अणू फोटॉनला पोकळीत शिरू देत नाही. दुसऱ्या अवस्थेत फोटॉन आत जाऊन परततो. दोन्ही प्रसंगी फोटॉन बाहेरच येतो, पण अणूच्या मिश्रणातील दोन भागांच्या कलेत फरक पडतो. नंतर अणूला विचारले की तो सांगतो, 'कोणीतरी येऊन गेले.' या प्रयोगात आलेल्या फोटॉनची चाहूल लागण्याची शक्यता 74 टक्के होती आणि फोटॉन शाबूत राहण्याची 66 टक्के. 2021 मध्ये याच गटाने दोन स्वतंत्र पोकळ्यांच्या साहाय्याने एकाच धावत्या फोटॉनची दोनदा नोंद घेऊन दाखवली.

येथे एका गैरसमजाचे निरसन करणे आवश्यक आहे. फोटॉन न विझवता त्याचे अस्तित्व कळते, म्हणून प्रकाशाद्वारे पाठवलेले गुप्त पुंजसंदेश आता कोणीही चोरून वाचू शकेल, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. अणू सांगतो ते एवढेच, की फोटॉन आला. त्याच्यावर कोणती माहिती लादली होती हे तो सांगत नाही. ती माहिती जाणून घेण्याचा प्रयत्न केला तर ती विस्कटते आणि चोरी उघड होते. उलट, या तंत्राचा उपयोग संदेशवहनाला साहाय्य करण्यासाठी होऊ शकतो. लांबच्या काचतंतूत बरेच फोटॉन वाटेतच हरवतात. वाटेत एखाद्या ठाण्यावर फोटॉन अजून शिल्लक आहे की नाही एवढे कळले, तरी हरवलेल्यांची वाट पाहण्यात पुढची यंत्रणा गुंतून पडत नाही. 2021 मध्ये गार्चिंगच्या गटाने फोटॉनवरील माहितीला धक्का न लावता त्याची नोंद घेण्याचा प्रयोगही यशस्वी केला.

हिंगोलीतील आरसे

ब्रागिन्स्की यांच्या मूळ प्रश्नाकडे, म्हणजे गुरुत्वीय लहरींकडे, आता वळता येईल. अमेरिकेतील लायगो वेधशाळांच्या प्रत्येकी 4 किलोमीटर लांबीच्या दोन बाहूंमध्ये लेसर किरण ये-जा करतात. गुरुत्वीय लहर येऊन गेली की बाहूंच्या लांबीत प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा-हजाराव्या भागाइतका फरक पडतो आणि तो प्रकाशाच्या साहाय्याने टिपावा लागतो. 14 सप्टेंबर 2015 रोजी पहिली लहर नोंदली गेली आणि 11 फेब्रुवारी 2016 रोजी ते जगाला कळले. त्यानंतर सहाच दिवसांनी केंद्रीय मंत्रिमंडळाने भारतातील लायगो प्रकल्पाला तत्त्वतः मान्यता दिली. एप्रिल 2023 मध्ये सुमारे 2,600 कोटी रुपये खर्चाच्या या प्रकल्पाला अंतिम मंजुरी मिळाली. हिंगोली जिल्ह्यातील औंढा परिसरात ही वेधशाळा उभारली जाणार आहे.

या वेधशाळांची एक मर्यादा पुंजस्वरूपाचीच आहे. फोटॉन कमी असले तर त्यांच्या अनियमित येण्याने मोजणी गढूळ होते. प्रकाश वाढवला तर फोटॉनांचे अनियमित धक्के 40 किलो वजनाच्या आरशांनाही डळमळवतात. अमेरिकी शास्त्रज्ञ कार्लटन केव्हज यांनी 1981 मध्ये सुचवलेला उपाय असा, की एका राशीतील गोंगाट दाबून तो दुसऱ्या राशीत ढकललेला प्रकाश वापरावा. असा 'दाबलेला' प्रकाश प्रथम 1985 मध्ये बेल प्रयोगशाळेत सोडियमच्या अणूंच्या साहाय्याने तयार झाला. लायगोमध्ये तो स्फटिकांपासून बनवला जातो आणि 2019 पासून नियमितपणे वापरला जातो. 2023 पासून तर कोणत्या वारंवारतेला कोणत्या राशीतील गोंगाट दाबायचा हे ठरवणारी 300 मीटर लांबीची वेगळी पोकळी जोडण्यात आली आहे. साधने निराळी असली तरी तत्त्व ओर्सेच्या थंड अणूंच्या ढगात वापरले गेले तेच आहे. जी राशी हवी ती जपावी आणि अनिश्चिततेचा भार दुसरीवर टाकावा.

कोल्हापूर ते पुणे

कोल्हापूरचा या विषयाशी असलेला संबंध किरणोत्सवापुरताच नाही. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांचा जन्म 19 जुलै 1938 रोजी कोल्हापुरात झाला. त्यांनी 1988 मध्ये पुण्यात उभारलेली आंतरविद्यापीठीय केंद्र, म्हणजेच आयुका, ही संस्था लायगो-भारत प्रकल्पातील एक प्रमुख भागीदार आहे. गुरुत्वीय लहरींचा संदेश गोंगाटातून वेचून काढण्याच्या गणिती पद्धतींवर संजीव धुरंधर यांनी याच संस्थेत मोलाचे काम केले. 20 मे 2025 रोजी नारळीकर यांचे निधन झाले, तेव्हा त्यांनी लावलेल्या रोपाच्या फांद्या खगोलशास्त्राच्या पलीकडे गेल्या होत्या. आयुकातच सुभदीप डे यांच्या प्रयोगशाळेत सापळ्यात धरलेल्या यिटर्बियमच्या एका आयनावर आधारित अतिअचूक घड्याळाचे काम चालते. पुण्याच्याच आयसर संस्थेत उमाकांत रापोल यांचा गट रुबिडियम आणि स्ट्रॉन्शियमच्या अतिशीत अणूंवर प्रयोग करतो. बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत थंड अणू आणि आरशांची पोकळी यांच्या परस्परक्रियेचा अभ्यास होतो. एप्रिल 2023 मध्ये मंजूर झालेल्या, 6,003.65 कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मोहिमेत पुंजसंवेदन आणि मापनशास्त्राचे केंद्र म्हणून मुंबईच्या आयआयटीची निवड झाली आहे.

म्हणजे पदार्थविज्ञान शिकणाऱ्या कोल्हापूरच्या विद्यार्थ्याला या क्षेत्रात काम करण्यासाठी आता पॅरिस किंवा गार्चिंग गाठलेच पाहिजे, अशी स्थिती राहिलेली नाही. मात्र हे काम धीराचे आहे. निर्वात पात्रातील एखादी बारीक गळती, लेसरच्या वारंवारतेतील किंचित सरक किंवा टेबलाचे सूक्ष्म कंपन यांमुळे महिन्यांची मेहनत वाया जाऊ शकते. 74 आणि 66 हे टक्केही सांगतात की फोटॉन हेरला जाईल आणि जिवंतही राहील, याची खात्री तेव्हा देता येत नव्हती. आरशांतील गळती आणि अणूच्या अवस्थेतील चुका कमी करणे हे पुढचे काम आहे. निधी, यंत्रसामग्री आणि ती हाताळणारे कुशल हात या तिन्हींची साखळी अखंड राहिली, तरच हिंगोलीच्या माळावरील आरसे विश्वाच्या दूरवरच्या कोपऱ्यातील हालचाल टिपू शकतील.

किरणोत्सवातील लक्समापक आपल्या वाटणीचे किरण गिळत राहील आणि त्यात काही बिघडणार नाही, कारण तेथे फोटॉनांना तोटा नाही. जेथे प्रत्येक फोटॉन मोलाचा आहे, तेथे मात्र न गिळता साक्ष देणारा एखादा थंड, स्थिर अणूच कामास येतो.